अठरा कपाळं

सातपूरला आत्याकडे मी आले ती तिच्या बाळंतपणापुरती. सहा महिने बाळाला न्हाऊ-माखू घालायचं, आत्याला हातभार लावायचा आणि ब्रह्मपुरीला परत जायचं, असं ठरलं होतं. ते बाळ आता स्वतः बाप झालं आहे आणि मी अजून नाशकातच आहे. आठवीनंतर माझी शाळा सुटली होती. घरात विड्या वळणारे हात कमी पडत होते, म्हणून मांडीवर दप्तराच्या जागी तेंदूपानांचं सूप आलं, इतकंच. त्यामुळे आत्याचं बोलावणं आलं तेव्हा मला नाशिक म्हणजे परदेश वाटलं. दोन गाड्या बदलून, एक अख्खी रात्र पिशवी पोटाशी धरून मी आले आणि स्टेशनवर मामाजी, म्हणजे आत्याचे यजमान, दिसेपर्यंत माझ्या मनात जी धास्ती होती ती खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं पूर्ण गेलीच नाही. कुणी मोठ्याने हाक मारली की आजही मला आधी वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

घर म्हणजे चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मामाजी कारखान्यात पाळीने जायचे. रात्रपाळी असली की दिवसा घरात सगळं कुजबुजत. आत्या कुकरची पहिली शिट्टी झाली की फडक्याने शिट्टी उचलून धरायची, दुसरी वाजायला नको म्हणून. बाळ रडलं तर मी त्याला घेऊन गॅलरीच्या पार टोकाला जायची. आमच्याकडे दोन्ही वेळा भात; इथे बाजरीची भाकरी, उडदाचं घुटं आणि भाजलेल्या कांद्याचं काळं वाटण, ज्याने पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या आठवड्यात मी ते पातेलं पुसून खाऊ लागले. भाजीवालीकडे मी सांबार मागितलं तर ती म्हणाली, "बाई, ते हाटेलात भेटतं, इडलीसंगती." कोथिंबिरीला इथे कोथिंबीर म्हणायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीत आठवडाभर मला सगळे "सांबार" म्हणत होते. आत्या हसून हसून बेजार व्हायची आणि मग रात्री माझ्या केसांत तेल घालताना आमच्याच बोलीत म्हणायची, "मनाले नोको लावून घेऊ वं. हासून राह्यले म्हंजे आपलं मानून राह्यले."

गॅलरीच्या टोकाला, जिथे मी बाळाला घेऊन जायची, तिथे आप्पांची खोली होती. आप्पा एका दैनिकात फोटोग्राफर होते. ऑफिसात डार्करूम होती, पण ती कपाटाएवढी, म्हणून बरंचसं काम ते घरी करत. न्हाणीघराला आतून काळं कापड लावून. काकूंना अंघोळीची वेळ त्यांना विचारून ठरवावी लागे. "आमच्याकडे आधी पुढारी धुतात, मग माणसं," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. फोटो पक्का करायच्या हायपोचा तो आंबूस वास, पाण्यात हलणाऱ्या कागदाची चपचप आणि मधूनच आप्पांचं "दार उघडू नका, मंत्री यायचाय अजून!" हे माझ्या त्या दिवसांचे आवाज. बाळालाही ते इतके सवयीचे झाले होते की आप्पांचं ओरडणं ऐकलं की ते हसायचं.

आप्पांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. कॅमेरा धरताना नव्हे, बारीक कुंचला धरताना. मी एकदा आत्याने दिलेलं घुटं घेऊन गेले तर ते गॅलरीत बसून एका निवृत्त मास्तरांच्या फोटोला भुवया काढत होते आणि एक भुवई मास्तरांच्या कानाकडे निघाली होती. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातातली वाटी पाहिली. काठोकाठ भरलेली होती आणि एक थेंब सांडला नव्हता.

"गावी काय करायचीस?"

"विड्या वळत होती."

"बस इथं. हा कुंचला धर."

मी धरला. हे माझं शिक्षण. त्यापुढे मी कुठल्याही शाळेत गेले नाही, आणि कुणी शिक्षण विचारलं की मी अजूनही आधी आप्पांचं नाव सांगते, मग आठवी.

वर्तमानपत्राच्या कागदावर चेहरा छापणं म्हणजे काय होतं ते आज मोबाइलवर रोज शंभर फोटो बघणाऱ्यांना सांगून पटायचं नाही. कागद टीपकागदासारखा शाई प्यायचा. काळे केस मागच्या सावलीत मिसळून जायचे, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आणि सावळ्या माणसाचा तर नुसता डाग. म्हणून छापायला देण्याआधी प्रत्येक फोटोवर कुंचल्याने काम करावं लागे: केसांची कड उजळायची, डोळ्यांत पांढरा ठिपका द्यायचा, ओठांची रेघ स्पष्ट करायची. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती कुंकू. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल रंग करडा येतो, कातडीच्याच रंगाचा. म्हणजे बाईने रुपयाएवढं कुंकू लावलं असलं तरी पेपरात कपाळ रिकामं. माझ्या येण्याआधी एकदा एका डॉक्टरीणबाईंचा सत्काराचा फोटो असा छापला गेला होता आणि सकाळी सकाळी त्यांच्या यजमानांचा ऑफिसात फोन आला होता, "मी अजून आहे हो!" तेव्हापासून आप्पांचा नियम: बाई दिसली की आधी कुंकू, मग डोळे. मी तो नियम इतका अंगी बाणवला की कुंचला काळ्या रंगात बुडवला की माझा हात आपोआप कपाळाच्या मध्यावर जायचा.

वर्षभराने आप्पांनी कॅमेराही माझ्या हाती दिला आणि मला त्यांच्या दैनिकात नोकरीला लावलं. त्यात त्यांचा स्वार्थ होता आणि तो त्यांनी लपवला नाही. खेड्यातल्या बायका पुरुषासमोर मान वर करत नसत आणि मान वर न केलेला फोटो छापता येत नसे. मोर्चे, पूर, मंत्री हे आप्पांचे आणि चेहरे माझे, अशी वाटणी झाली. दहावीला पहिली आलेली मुलगी, गोदाकाठचा शंभरी गाठलेला पुजारी, घोटीच्या बाजारातला तांदळाचा व्यापारी, सगळे एका कॉलमात मावतील एवढे. ऑफिसात मला कुणी नावाने हाक मारत नसे. "ए नागपूर!" म्हणायचे. मी म्हणायची, "नागपूर नाही, ब्रह्मपुरी." "तेच ते. पुढे डावीकडे वळलं की नागपूर." पण माझं काम चांगलं होतं. हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही. मी समोरच्याला बसवलं की कॅमेऱ्याकडे बघा असं कधीच म्हणत नसे. आज काय जेवलात, असं विचारायची. जेवण आठवताना माणूस खोटा चेहरा करू शकत नाही. मालेगावच्या एका यंत्रमागवाल्या चाचांनी बिर्याणी सांगता सांगता जो चेहरा केला तो फोटो त्यांच्या घरात मोठा करून लावलेला मी नंतर पाहिला आहे.

गावोगावच्या पंचायतींत बायकांसाठी जागा राखीव झाल्या त्या काळातली ही गोष्ट आहे. निवडणुका उरकल्या आणि आमच्या संपादकसाहेबांनी ठरवलं, रविवारच्या पानावर आपल्या भागातल्या नव्या महिला सरपंचांचे चेहरे छापायचे. नाव, गाव आणि चेहरा, बाकी काही नाही. दिंडोरीला त्या सगळ्यांचं एक शिबिर होतं. मी एसटीने गेले, एका वर्गाच्या भिंतीवर चादर ठोकली आणि दुपारभरात अठराजणींचे फोटो काढले. त्या दिवशी मी फार खुशीत होते. एवढ्या बायका, कुणी लाजून पदर दातात धरलेली, कुणी "माझी डावी बाजू नको गं, तिकडं दात नाय" म्हणणारी. त्यातली एक गयाबाई. वणीच्या रस्त्यावरच्या एका गावची. गावाचं नाव मी लिहीत नाही. चाळिशीची, उन्हाने रापलेली, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. झेंडू लावायची आणि पहाटेच्या गाडीने नाशकाला आणून स्वतः विकायची. आज काय जेवलात विचारलं तर म्हणाली, "जेवले नाय अजून. आधी ह्या लोकांनी दिलेले कागद वाचून काढले. चौथीपर्यंतचं वाचन हाय, वेळ लागतो." मला ती आवडली. चौथी आणि आठवी, आम्ही दोघी हसलो. मी वहीत नाव लिहिलं, गाव लिहिलं. कपाळाबद्दल काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी अठरा फोटो गॅलरीत दोरीवर वाळत होते. मी खाली बसून एकेक घेत गेले. कुंकू, डोळे, ओठ. कुंकू, डोळे, ओठ. गयाबाईच्या फोटोत पदराखाली कपाळाची बोटभर पट्टीच दिसत होती. तेवढ्या जागेत गोल ठिपका बसवायला मला विशेष कसरत करावी लागली आणि तो इतका नेटका बसला की मी आत्याला बोलावून दाखवला, हेही मला आठवतं.

रविवारी पान छापून आलं. सोमवारी सकाळी मी फिल्मचे रोल घ्यायला ऑफिसात गेले तेव्हा साहेबांच्या केबिनमधून चढलेला आवाज येत होता. केबिन म्हणजे छातीपर्यंतचं पार्टिशन, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उभे होते, हातात रविवारचा अंक. ते गयाबाईचे दीर, पोपटराव.

"माझा भाऊ जाऊन सात वर्सं झाली, साहेब. सात वर्सं! आन् ही तालुक्याला जाऊन कुंकू लावून फोटोला बसती? गावात लोक मला इचारतात, पोपटराव, वैनीनं कोन केला?"

मी पार्टिशनपाशी जाऊन उभी राहिले.

"त्या काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"ती म्हनती मी लावलंच नव्हतं. मग फोटोत आलं कुठून? आभाळातून पडलं? आमीच निवडून आणली तिला. वाटलं, घरची बाई हाय, सही कर म्हटलं की करल. तर म्हनती आधी वाचू द्या. पाइपलाइनचा कागद पंधरा दिवस घेऊन बसली! आता बास झालं. उद्या सकाळी गावापुढं राजीनामा घेनार. मला भांडायचं नाय तुमच्याशी. मला फक्त लिहून पायजे. फोटो जसा काढला तसाच छापला, एवढंच."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला पार्टिशनवरून दिसला. त्यांना वाटलं होतं माणूस कोर्टाची भाषा करेल आणि हा तर त्यांच्याच पेपरची शाबासकी मागत होता. "त्यात काय," ते म्हणाले, "आमचं दैनिक फोटोत ढवळाढवळ करत नाही," आणि त्यांनी लेटरहेड पुढे ओढलं. ते खोटं बोलत नव्हते. साहेब मजकुराचे माणूस. फोटोंवर काय काम होतं ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. आप्पा पुराच्या कामांच्या फोटोंसाठी बाहेर गेले होते. म्हणजे ते कपाळ कुणी रंगवलं हे त्या इमारतीत ठाऊक असलेलं माणूस एकच होतं आणि त्याच्या नखात अजून काळा रंग होता.

मी आत गेले. "साहेब, ते कुंकू मी भरलं."

"काय?"

"सगळ्यांचंच भरते. बाईंचं कपाळ रिकामं होतं. मी विचारलं नाही."

पोपटरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हसले. "पोरी, तुला कोनी पढवलं? वैनी येऊन गेली वाटतं आधीच." साहेबांनी पेनचं टोपण लावलं. चौकशी करून कळवतो, म्हणाले. पोपटराव टोपी सारखी करत उठले. "नका देऊ लिहून. पेपरात छापलंय ना? त्याच्यापरीस मोठं लिहिणं काय असतं?"

ते गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. उद्या सगळा जिल्हा म्हणेल की हे लोक चेहऱ्यांवर कुंचले फिरवतात, असं म्हणाले. बुधवारी दोन ओळींची दुरुस्ती देऊ, म्हणाले. मी म्हटलं, मंगळवारी राजीनामा होऊन गेलेला असेल, मी गावात जाऊन सांगते. "जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा," ते म्हणाले, "आणि परत आल्यावर..." एवढंच बोलून त्यांनी समोरचा कागद ओढला. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग मी त्या दिवशी शंभर वेळा पूर्ण केला आणि प्रत्येक वेळी तो ब्रह्मपुरीच्या गाडीत संपला.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. वाटलं, ती कपाळाला हात लावेल. तिने बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि तांदळाचं पीठ काढलं. "काहून भेऊन राहिली? चुकलं त आपण सांगाव. सकाळी उपाशी जाऊ नोको." मामाजी पाळीवरून आले, सगळं ऐकून घेतलं आणि जेवता जेवता म्हणाले, "नोकरी गेली त गेली. घर कोठं जाते?" या दोन वाक्यांचं ऋण मी कसं फेडणार होते? फेडलं नाहीच. पण ती ऐकल्यावर मीही ताट वाढून घेतलं. आप्पा संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी ऑफिसातून गयाबाईचा तो रंगवलेला मूळ फोटोच आणला होता, पान लावताना वापरलेला. शिवाय निगेटिव्हही. ऑफिसात त्यांना सगळं कळलेलंच होतं, म्हणून काही न विचारता म्हणाले, "सहाला निघू. कुंचला घे. कापूस घे."

स्कूटरवरून आम्ही गेलो. दिंडोरी मागे पडली तशी दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटोच्या काठ्या. आप्पा वाटभर एकच वाक्य बोलले, "नियम माझा होता, हे मी सांगेन." मी म्हटलं, "हात माझा होता."

ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत साठ-सत्तर माणसं जमली होती. पुरुष समोर, बायका भिंतीच्या कडेने. मध्ये टेबल, एक लोखंडी खुर्ची, टेबलावर लिहून तयार असलेला राजीनामा, वर दगड ठेवलेला. खुर्ची रिकामी होती. गयाबाई बायकांत खाली बसली होती, पदर तसाच भुवयांपर्यंत. माझ्याकडे तिने पाहिलं आणि तिचा चेहरा हलला नाही. मी उभी राहिले. आप्पांनी मागून पाठीत बोट खुपसलं, तशी मी बोलायला लागले. मी काय केलं ते सगळं सांगितलं: लाल रंग फिल्मवर येत नाही, म्हणून आम्ही भरतो, आणि न विचारता मी यांच्याही कपाळावर भरलं.

कुणाचाच विश्वास बसला नाही. मी निगेटिव्ह दिली. एका आजीने ती उन्हात धरली. "आगं बया! केस पांढरे, तोंड काळं. ही तर हडळ!" सगळे हसले आणि निगेटिव्ह हातोहात फिरून चुरगळून परत आली. पोपटराव म्हणाले, "असं पेपरात कोन चेहरे रंगवतं का?"

तेव्हा मला सुचलं. आप्पांच्या पाकिटात त्यांच्या ओळखपत्राचा फोटो असायचा. टक्कल, जाड मिशी. मी तो मागितला, टेबलावर ठेवला आणि कुंचल्याला वाळून चिकटलेला काळा रंग जिभेवर ओला करून त्यांच्या कपाळावर गोल, रेखीव कुंकू भरलं. एका दमात, सगळ्यांच्या देखत. फोटो वर धरला. आधी पोरं ओरडली, मग बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "आरं, आप्पा सवाशीण झाले!" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "आता घरी बायकोला काय सांगू, कुणाच्या नावाचं?" पोपटरावांनाही हसू आलं, त्यांनी ते मिशीत दाबलं.

मी तो फोटो आणि ओला कापूस पोपटरावांपुढे धरला. "पुसा. मिशीसकट पुसून बघा." त्यांनी घासलं. कुंकू कापसावर आलं, मिशी जागच्या जागी राहिली. "जे माणसाच्या तोंडावर होतं ते पुसत नाही," मी म्हटलं. "जे मी वरून लावलं तेवढंच निघतं." आता सगळे पुढे सरकले होते. मी पिशवीतून गयाबाईचा फोटो काढला, कुंकवासकट, टेबलावर ठेवला आणि नवा कापूस ओला करून पोपटरावांच्या हातात दिला. "हेही पुसा. तुमच्याच हाताने."

त्यांनी कापूस घेतला. हात फोटोपर्यंत गेला आणि थांबला.

बायकांतून कुणीतरी "नका, नका" असं हळू म्हणालं. मला क्षणभर कळेना काय झालं आणि मग कळलं. सगळ्या गावापुढे, दिराच्या हाताने, या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसायला मी सांगत होते. सात वर्षांपूर्वी याच बायकांनी ते केलं असणार. माझी हुशारी, माझा पुरावा, सगळं त्या ओल्या कापसासारखं लोंबायला लागलं. पोपटरावांच्या कपाळाला घाम आला होता. हा माणूस वाईट नव्हता, एवढं मला त्या घामात दिसलं. पण तो पुसतही नव्हता आणि कापूस खालीही ठेवत नव्हता.

गयाबाई उठली. टेबलापाशी आली आणि दिराच्या हातातून कापूस काढून घेतला.

"तवा तुमी सगळ्यांनी मिळून पुसलं," ती म्हणाली, "मला इचारलं नव्हतं. हिनं लावलं, तिनं बी इचारलं नाय. आता माझं मी बघते."

तिने डाव्या हाताने फोटो दाबून धरला आणि एकदाच कापूस फिरवला. ठिपका निघाला. खाली तिचं कपाळ होतं तसं, रापलेलं, त्यावर दोन आडव्या रेघा. फोटो तिने आधी त्या आजीच्या हातात दिला, मग पुढच्या माणसाच्या. तो सगळ्या रांगेतून फिरला. फिरून तो पोपटरावांपर्यंत आला. त्यांनी पाहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "मग तसं आदी सांगायचं ना, वैनी."

"परवापासून तेच सांगते, भावजी."

यावर मात्र पुरुषही हसले.

साहेबांनी मला काढलं नाही, हे इथेच सांगून टाकते. माझ्यासारखं काळजी करणारं कुणी वाचत असेल तर त्याने जीव टांगणीला लावू नये. परत गेल्यावर ते अर्धं वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलं नाही. उलट पुढच्या आठवड्यापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला. मी प्रत्येक बाईला विचारायला लागले, कपाळ कसं छापू? कितीजणींनी किती उत्तरं दिली! काहींनी भर म्हटलं, काहींनी राहू दे म्हटलं. घोटीच्या एका नवरा असलेल्या शिक्षिकेने म्हटलं, "मी लावतच नाही, तू कशाला लावतेस?" पुढे रंगीत छपाई आली आणि रकान्याची गरज संपली. मी विचारणं मात्र सोडलं नाही.

तर त्या सकाळी माणसं पांगायला लागली होती. मी पिशवी भरत होते. गयाबाईने मला थांबवलं.

"कॅमेरा आणलाय?"

"आणलाय."

"मग काढ परत. त्या रविवारच्या जागी हा छाप. तवा तुला माझं कपाळ दिसलं नव्हतं ना?"

असं म्हणून तिने पदर मागे सारला, पार केसांच्या भांगापर्यंत, आणि खुर्चीवर जाऊन बसली. निवडून आल्यापासून ती खुर्ची तिचीच होती. पण कडेच्या बायका ज्या तऱ्हेने बघायला लागल्या त्यावरून मला वाटतं, तिला तिथे बसलेली त्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. मी गुडघ्यावर बसले. सकाळचं ऊन समोरून येत होतं आणि ते कपाळ असं उजळलं होतं की कुंचल्याला काही कामच उरलं नव्हतं. आज काय जेवलात, हे मी विचारलंच नाही. पण फोकस लागेना. चित्र सारखं डावीकडे झुकायचं.

"बाई, हलू नका ना."

"मी नाय हलत. खुर्ची हलती. चौथा पाय आखूड हाय तिचा."

आप्पा दगड शोधायला वाकले. गयाबाई म्हणाली, राहू द्या. तिने टेबलावरचा राजीनामा उचलला, एकदा शेवटपर्यंत वाचला, ओठ हलवत, तिच्या त्या चौथीच्या वेगाने, आणि आम्ही सगळे, पोपटरावसुद्धा, तिचं वाचून होईपर्यंत थांबलो. मग तिने कागदाची दुहेरी घडी केली, पुन्हा दुहेरी केली, वाकून खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली, वर बसून एकदा डोलून पाहिलं आणि माझ्याकडे तोंड केलं.

"आता काढ."